नऊ एकांचा वर्ग

आमच्या तुकडीला गणिताची गोडी लागली ती १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येमुळे. एका ऑफ तासाला आमच्या गणिताच्या सरांनी ती फळ्यावर लिहिली आणि एकं, दहं, शतं म्हणत वाचायला लावली. सतरा अंक! कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत आम्ही भास्कराचार्यांच्या गणनेतल्या ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचलो. परार्ध एका घरावर राहिलं. मग सर म्हणाले, “ही पूर्ण वर्ग संख्या आहे. वर्गमूळ काढा.”

वर्गमूळ निघालं १११११११११, म्हणजे ओळीनं नऊ एक. सरांनी गुणाकार एकही पायरी न गाळता मांडला. नऊ ओळी, प्रत्येकीत तेच नऊ एक, फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज. एकं स्थानी एक, दहं स्थानी दोन, शतं स्थानी तीन, असं चढत मधल्या घरात नऊ, आणि तिथून उतरत पुन्हा एक. कुठेच हातचा येत नाही, म्हणून ज्या घरात जितके एक तितकाच अंक उत्तरात उमटतो. सगळ्या अंकांची बेरीज ८१, कारण मांडणीत नऊ ओळी आणि दर ओळीत नऊ एक. पाठ केलेलं सूत्र आणि असं डोळ्यांसमोर उलगडलेलं कारण यांत किती अंतर असतं, ते मला त्या तासाला कळलं.

दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात दहा होतात, त्याचा हातचा डावीकडच्या नवाला जाऊन तिथेही दहा, आणि पुढच्या आठाचे नऊ. दोन्ही बाजूंनी सारखं वाचता येणं तिथेच संपतं. सुंदर नियम दाखवणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. तो कुठे आणि का थांबतो, हे तितक्याच प्रेमानं दाखवणारे थोडे, आणि आमचे सर त्यांतले.

द. रा. कापरेकरांचं नाव आम्ही त्याच तासाला पहिल्यांदा ऐकलं. ते १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. लोक त्यांना ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’साठी ओळखतात, पण १, १२१, १२३२१ या माळेतल्या संख्यांवरही त्यांनी काम केलं आणि डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली, स्टेशनवरून त्यांना ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. आपल्यासारख्याच शाळेतल्या एका मास्तरांनी जगाच्या गणितात भर घातली, याचा आम्हांला केवढा अभिमान वाटला!

मग नऊ एकांचे अवयव पाडायला घेतले. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, त्यामुळे ते दोन लगेच सापडले. अंकांची बेरीज नऊ, म्हणून ९ नेही भाग जातो. ९ आणि ३७ ने भागून उरलं ३३३६६७. त्याचं वर्गमूळ ५७७ च्या जरासंच पुढे, म्हणून ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी त्याला भागून पाहायचं काम सरांनी बाकांमध्ये वाटून दिलं. एकेक बाक उठून आपापली बाकी सांगू लागला, शून्य कुणाचीच आली नाही. शेवटच्या बाकानं ५७७ ने भागून १६१ बाकी सांगितली, आणि ३३३६६७ मूळ संख्या आहे हे आमच्या तुकडीनं स्वतः सिद्ध केलं.