बादली खालच्या मजल्यावर होती

कर्वेनगरमधला तो फ्लॅट आम्हाला पहिल्याच फेरीत आवडला. पूर्वेला गॅलरी, भिंतींना ताजा रंग. एजंट म्हणाला, "सर, उद्या दुसरी पार्टी येतेय, टोकन आजच देऊन टाका." पुण्यात प्रत्येक फ्लॅटला उद्या येणारी एक दुसरी पार्टी असतेच.

टोकन अडवलं ते मेहुण्याने. "जुनी ॲक्टिव्हा घेताना मेकॅनिकला सोबत नेलं होतंस ना?" त्याच्याच ओळखीचे एक सिव्हिल इंजिनिअर 6,000 रुपयांत फ्लॅट तपासायला तयार झाले.

ते आले टॉर्च, लाकडी हातोडी आणि ओल मोजायचं छोटं मीटर घेऊन. हॉलमध्ये फार रमले नाहीत, थेट बाथरूममध्ये शिरले. फरशीवर हातोडी वाजवत गेले. टक, टक, टक, आणि नहाणीच्या कोपऱ्यात एकदम ढब. "पोकळ आहे." मग नहाणीचं भोक फडक्याने घट्ट बंद करून दोन बोटं पाणी साठवलं आणि म्हणाले, "उद्या याच वेळी येतो. वरून नाही, खालून बघू." गीझरच्या पॉइंटला अर्थिंग नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खालच्या काकूंच्या दारात. त्यांनी आत बोलावून नुसतं वर बोट दाखवलं. छताचं प्लास्टर फुगलेलं, एका जागी सळईचा गंज दिसत होता, आणि खाली निळी बादली. "तीन वर्षं अर्ज करतेय सोसायटीकडे."

मालक म्हणाले, "आम्ही वीस वर्षं राहिलो, आम्हाला कधी त्रास झाला नाही." इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला नाही झाला, खालच्यांना झाला."

इमारत 1998 ची. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी व्हायला हवं. त्याचा रिपोर्ट मागितला, तर सेक्रेटरींनी कपाट उघडलं, बंद केलं आणि "पुढच्या मीटिंगला विषय आहे" असं सांगितलं. नव्या इमारतीत निदान रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा, 2016 चा कायदा पाठीशी असतो: ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. इतक्या जुन्या रिसेलला कुठला बिल्डर आणि कुठलं काय.

फ्लॅट सोडला नाही. फरशी उखडून वॉटरप्रूफिंग, नवे पाइप, खालचं छत, सगळ्याचं कोटेशन 1 लाख 60 हजारांचं आलं. ते मालकांपुढे ठेवलं. दोन आठवडे फोन नाही. मग सव्वा लाख कमी करायला तयार झाले, आणि त्यानंतरच टोकन दिलं.

राहायला जायच्या आधी बाथरूम फोडलं. काम झाल्यावर पुन्हा पाणी साठवलं, या वेळी दोन दिवस. सकाळ-संध्याकाळ काकूंकडे जाऊन मान वर करून उभा राहायचो. तिसऱ्या दिवशी गेलो, तर बादली जागेवर नव्हती. त्यात काकू कपडे भिजवत होत्या.