तुम्ही विचारलंत म्हणून: यात सोनं नाही, मग एवढे पैसे कशाचे?

मी हातानं दागिने घडवते आणि विकते. चांदी, तांबं, पितळ, खडे, मोती एवढाच माझा पसारा. सोन्यात काम करत नाही. त्यामुळे एखादी जोडी हातात घेऊन, उलटीपालटी करून, किमतीची चिठ्ठी पाहिली की बरेच जण विचारतात, "यात सोनं तर नाही, मग एवढे पैसे कशाचे?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. पैसे मोजणाऱ्याला तो विचारायचा हक्क आहे. पण मागे चार माणसं ताटकळत उभी असताना त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर देते.

दागिन्याचा एक हिशोब आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो: वजन गुणिले भाव, वर थोडी घडणावळ. माझ्याकडे तो उलटा होतो. धातू थोडा लागतो, घडणावळच जास्त. आणि घडणावळीतला मोठा भाग अशा ठिकाणी जातो जिथे घेणाऱ्याची नजर सहसा पोचत नाही.

कानातल्याचा आकडा घ्या. कानाच्या भोकातून जाणारी वाकवलेली तार, बास. मी त्यासाठी २० गेजची, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची चांदीची तार घेते. याहून जाड तार अनेकांना घालताना दुखते. फार बारीक घेतली तर ती लोलकाच्या वजनानं वाकते आणि भोकालाही काचते. तार कापली की टोकाला धार राहते. ती डोळ्याला दिसत नाही, कानाला मात्र लगेच कळते. ती आधी कानशीनं गोल करायची, मग बारीक पॉलिश पेपरवर फिरवत राहायची आणि शेवटी हाताच्या पाठीवरून ओढून पाहायची. कुठे जरा खरखरलं की पुन्हा पॉलिश पेपर. मग तार वळवायची, दोन्ही आकडे एकमेकांवर ठेवून बाक जुळतोय का बघायचा आणि ऐरणीवर हलक्या हातानं ठोकायचे. ठोकल्यानं चांदी कडक होते. न ठोकलेला आकडा थोड्याच दिवसांत आकार सोडतो. जास्त ठोकला तर तडकतो, म्हणून ठोकणं कुठे थांबवायचं ते हाताला कळावं लागतं. हे सगळं झालं की आकडा कानात जातो आणि घालणारीला त्याची आठवणही राहत नाही. तशी ती राहू नये यासाठीच ही सगळी मेहनत.

चांदीविषयीही नेहमी विचारलं जातं: "शुद्ध आहे ना?" नाही, आणि ती तशी असूही नये. निव्वळ शुद्ध चांदी फार मऊ असते, रोजच्या वापरात टिकत नाही. ९२५ असा शिक्का दिसतो त्यात ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं असतं. तांब्यानं तिला बळ येतं, पण त्यामुळेच ती लवकर काळवंडतेही. काळी पडली म्हणजे खोटी निघाली असं नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर तो थर येतो आणि तो पुसता येतो.

खरी काळजी निकेलची करावी. जर्मन सिल्व्हर म्हणून जे विकलं जातं त्यात चांदीचा अंश नसतो. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. दिसायला सुंदर, गळ्यात कपड्यावर घालायला छान, पण निकेलनं पुष्कळ जणांच्या कानाला खाज सुटते, पाणी येतं. एकदा अंगाला निकेल खटकायला लागलं की ते सहसा जन्मभर खटकतं. युरोपीय संघात यासाठी नियमच आहे: टोचलेल्या भोकात राहणाऱ्या भागातून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमइतकंही निकेल सुटता कामा नये. म्हणून खालचा लोलक पितळेचा असला तरी माझ्याकडे आकडा चांदीचाच असतो आणि ज्यांना तोही सोसत नाही त्यांच्यासाठी टायटॅनियमचा किंवा नायोबियमचा. स्वस्त आकडा लावून किंमत खाली आणता येते, मला माहीत आहे. मी आणणार नाही.

आता कड्या. एक भाग दुसऱ्याला जोडणारी ती छोटीशी गोल कडी उघडताना तिची टोकं बाजूला फाकवली तर तिचा गोल कायमचा बिघडतो. दोन पकडींत धरून एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडायची, तशीच उलट पिळून बंद करायची, तीही थोडी पुढे नेऊन परत आणायची, म्हणजे टोकं एकमेकांना दाबून बसतात. उजेडासमोर धरल्यावर फट दिसली तर काम अपुरं. जिथे ओढ बसते तिथे मी कडी झाळून टाकते. लोक दागिना पडला म्हणतात, तेव्हा पुष्कळदा पडलेली नसते ती कडी, तिच्या फटीतून बाकीचं सगळं निसटलेलं असतं.

मोत्याच्या माळेचा वेळ गाठींत जातो. प्रत्येक दोन मोत्यांमध्ये रेशमी दोऱ्याची एक गाठ, दाभणाच्या टोकानं अगदी मोत्याच्या पोटाशी सरकवलेली. मोती मऊ असतात, एकमेकांना घासून झिजतात, गाठ त्यांना दूर ठेवते. शिवाय दोरा तुटलाच तर एखादा मोती जाईल, सगळी माळ जमिनीवर विखुरणार नाही. गाठ जरा लांब बसली तर ती सोडवणं जवळजवळ अशक्य, मग दोरा कापून माळ नव्यानं ओवायची.

एवढं झाल्यावर दागिना तयार होतो, व्यवसाय नाही. फोटो काढणं, मापं लिहिणं, चौकशांना उत्तरं देणं, डबीत भरणं, पाठवणं, परत आलेलं तपासणं, हिशोब ठेवणं यात माझा निम्मा दिवस जातो आणि या निम्म्या दिवसाची मजुरी दुसरं कुणी देत नाही. दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवला तर विक्रीच्या ४०-५० टक्के दुकानदार ठेवतो. हे या धंद्यात सर्रास आहे आणि त्यात गैर काही नाही. त्यालाही जागा, दिवे, माणसं असतात. पण जी घडवणारी किंमत लावताना हे धरत नाही, सामानाचे पैसे निघाले की खूश होते, ती काही दिवसांनी काम सोडते. हात चांगला असूनही सोडते. मला हे पाहून फार वाईट वाटतं. या कामात नव्या येणाऱ्या मुलींना मी कळकळीनं सांगते: सामान, मजुरी आणि वरखर्च असे तीन आकडे वेगळे लिहा, आणि मजुरीच्या जागी शून्य लिहू नका.

यंत्रावर निघालेल्या दागिन्यांना मी नावं ठेवत नाही. साच्यातून एकसारखे हजार नग काढण्यातही कौशल्य आहे आणि कपाट भरून हौस करायची असेल तर तेच परवडतं. उलट, हातानं केलेलं म्हणजे चांगलंच असंही समजू नका. आकड्याचं टोक हाताच्या पाठीवरून फिरवा, कडी उजेडासमोर धरा, मागची बाजू बघा. मागची बाजू ओबडधोबड असेल तर माझ्याकडूनसुद्धा घेऊ नका.

"कमी होईल का?" याचंही उत्तर हो असं आहे, पण काम बदलून. चांदीऐवजी पितळेत करता येईल, खडे कमी करता येतील, नक्षी साधी करता येईल. तीच वस्तू तशीच ठेवून कमी करायचं म्हटलं तर कापायला फक्त माझा वेळ उरतो, आणि तो मी कापत नाही.

एक शेवटचं, कारण तेही वारंवार येतं. जोडीतलं एक हरवलं तर एकच करून मिळतं. त्याचे पैसे जोडीच्या निम्म्याहून जास्त होतात, कारण दोन एकत्र करताना माप एकदाच काढावं लागतं, आणि एकटं करताना ते आधीच्या, वापरून जरा झिजलेल्या, रंग उतरलेल्या कानातल्याशी जुळवावं लागतं. उरलेलं कानातलं मात्र सोबत पाठवाच. फोटोवरून बाक आणि जाडी कळत नाही.