यकृतातले गळू आणि टीपीएची क्वेरी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयात माझ्या यकृतातल्या गळूवर उत्तम उपचार झाले. अजून सलते ते कॅशलेस मंजुरीचे प्रकरण. हुडहुडी भरून येणारा ताप आणि उजव्या बरगडीखालची कळ यांचे कारण सोनोग्राफीत दिसले, पिगटेल नावाच्या बारीक नळीतून पू काढला आणि मेट्रोनिडाझोल हे औषध सुरू झाले, कारण आपल्याकडे असे गळू बहुधा अमीबामुळे होते.

टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी आली : ‘मद्यपानाचा इतिहास व आजाराचे निश्चित कारण कळवावे.’ मी दारूला शिवत नाही, हे दाखल होतानाच कागदावर नोंदले होते. उत्तर गेले, तरी तीच क्वेरी पुन्हा आली. ‘‘काका, पोर्टलवर पेंडिंगच दाखवतंय,’’ हे रुग्णालयाच्या विमा डेस्कवरच्या मुलाचे ठरलेले वाक्य. अमीबाच्या गळवाचा दारूशी संबंध आढळतो, हे मान्य. परंतु निश्चित कारण कळायला पुवाचे कल्चर (त्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) किंवा तशा तपासण्या लागतात, कल्चरला काही दिवस लागतात, आणि तोवर कुशीत नळी व कमरेला पुवाची पिशवी असलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी अनामत रक्कम भरत राहायचे, हा कुठला न्याय?

कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस अँजिनोसस निघाला. हा जीवाणू एरवी तोंडात आणि आतड्यात निमूट राहतो, मात्र रक्तावाटे यकृतात पोहोचला की गळू करू शकतो. त्यावर मेट्रोनिडाझोल चालत नाही, म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिले. मला मधुमेह नाही, पित्ताशयात खडे नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी दातांचा एक्स-रे काढायला लावला आणि खालच्या दाढेच्या मुळाशी जुना पू सापडला. उगम बहुधा तोच. हा अहवाल पाठवताच टीपीएने कळवले, ‘दंतोपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत.’ दाढेचा एक रुपयाही आम्ही मागितला नव्हता!

शेवटी डॉक्टरांनी नोंदणी क्रमांकासह पत्र दिले आणि मी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यात आयआरडीएआय या विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाचा हवाला दिला : कॅशलेस विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय अपेक्षित आहे. त्याच संध्याकाळी मंजुरी आली. हा ईमेल पहिल्या क्वेरीलाच करावा, डेस्कवर हुज्जत घालू नये.

आणखी एक आठवले : शक्य असल्यास प्रतिजैविक सुरू होण्याआधीच रक्ताचे कल्चर घ्यायला सांगावे, नंतर जीवाणू वाढेलच असे नाही. घरी आल्यावरही प्रतिजैविके काही आठवडे चालतात. त्यांची बिले आणि सोनोग्राफीच्या पावत्या जपून ठेवाव्यात, डिस्चार्जनंतरच्या खर्चाचा दावा वेगळा करावा लागतो.