वर्गणीची यादी आणि पायथनचा प्रॉम्प्ट: आत्तापर्यंत कुठवर आलो

दांडिया बाजारातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची यादी यंदा मी टर्मिनलवरून, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा देतात त्या खिडकीतून, जुळवायला घेतली आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर (कोड वाचून लगेच चालवणारा प्रोग्राम) कमांड लाइनवरून नीट वापरायला शिकायचं कधीपासून मनात होतं, आणि त्यासाठी ही यादी अगदी योग्य निघाली. ती पक्की बडोद्याची यादी आहे. खजिनदार काका आकडे देवनागरीत लिहितात, गुजराती माध्यमात शिकलेली पोरं गुजराती आकड्यांत, आणि दोघांचं सगळं मोबाइलवरून एकाच टेक्स्ट फाइलमध्ये येतं.

प्रोग्राम लिहायच्या आधी प्रॉम्प्टवर, म्हणजे पायथन आज्ञेची वाट बघतं त्या ओळीवर, विचारून घ्यायचं, हे मी ठरवूनच टाकलं. नुसतं पायथन असं टाइप करून एंटर मारलं की >>> ही प्रॉम्प्टची खूण समोर येते. तिथे १२५ असा आकडा थेट लिहिला तर सिंटॅक्स एरर (कोड लिहिण्याचा नियम चुकल्याची सूचना) मिळते, कारण कोडमधले आकडे इंग्रजीतच लागतात. पण तोच आकडा अवतरणचिन्हांत घालून, मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंट फंक्शनला दिला की उत्तर बरोबर येतं. गुजराती आकडे दिले तरी येतं. अर्धा आकडा देवनागरी आणि अर्धा गुजराती असला तरीसुद्धा येतं! युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणाऱ्या मानकात, प्रत्येक अंकाला त्याची किंमत जोडलेली आहे आणि इंट ती किंमत बघतं, लिपी बघत नाही. दोन लिप्यांसाठी बदलाबदलीचा तक्ता करावा लागेल असं मी धरून चाललो होतो. त्याची गरजच उरली नाही, आणि हे फाइल उघडण्याआधीच कळलं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे रक्कम ‘५०१/-’ अशी लिहायची पद्धत. इंटला ती तिरपी रेघ चालत नाही, ‘१,००१’ मधला स्वल्पविरामही चालत नाही. दोन्ही वेळा व्हॅल्यूएरर, म्हणजे दिलेली किंमत चालत नाही अशी सूचना, येते. तिचा फायदा असा की नेमका कोणता मजकूर पचला नाही, तो संदेशात जसाच्या तसा छापलेला असतो.

पायथनच्या नावापुढे लिहायचा डॅश सी (-c) हा पर्याय एका ओळीच्या कामाला उत्तम. पुढे अवतरणचिन्हांत कोड द्यायचा, बस. लिनक्सवर मी बाहेर एकेरी आणि आत दुहेरी अवतरण ठेवतो, म्हणजे शेल (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) आतल्या डॉलरच्या खुणेला हात लावत नाही. मंडळाच्या लॅपटॉपवर विंडोज आहे. तिथल्या कमांड प्रॉम्प्टला बाहेरचं एकेरी अवतरण समजत नाही, तिथे उलट करावं लागतं.

माझ्या मते खरा खजिना आहे तो डॅश आय (-i). स्क्रिप्टच्या, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामच्या, नावाआधी तो लावला की स्क्रिप्ट संपल्यावर, किंवा मध्येच कोसळल्यावर, इंटरप्रिटर बंद न होता प्रॉम्प्ट देतो आणि सगळी व्हेरिएबल्स (किमती साठवलेली नावं) जागच्या जागी असतात. मी त्यांची नावंही देवनागरीत ठेवली आहेत: ओळ, नाव, रक्कम. पायथन ३ ला ती चालतात. लूप, म्हणजे एकेक ओळ घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, ज्या ओळीवर थांबला ती बघायला प्रॉम्प्टवर ‘ओळ’ एवढंच टाइप करायचं. तिथल्या तिथे रिप्लेसने नको ती चिन्हं काढून बघायचं, इंटला द्यायचं, जमलं की तोच तुकडा फाइलमध्ये. गडबड फंक्शनच्या आत झाली असेल तर पीडीबी हे चुका शोधायचं मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याचं पीएम फंक्शन चालवा, कोसळल्या जागी नेऊन उभं करतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत प्रॉम्प्टही सुधारला आहे. वरचा बाण दाबला की पूर्वीचा अख्खा लूप एकत्र परत येतो, ओळीओळीने गोळा करावा लागत नाही.

आता कऱ्हाड्यांची गोष्ट. नावानुसार बेरीज केली तर ‘कऱ्हाडे’ दोनदा दिसत होते, अक्षर न् अक्षर सारखे. प्रॉम्प्टवर दोन्हींची तुलना केली, उत्तर फॉल्स. लेन लावून पाहिलं तर एकाची लांबी ७, दुसऱ्याची ८. मग आस्की फंक्शनने आतले कोड उघडे केले. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. दोन कीबोर्डांच्या दोन रीती, पडद्यावर अर्धा र एकच. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करायची रीत) या दोघांना एक करत नाही, तेही करून पाहिलं. रिप्लेसची एक ओळ घातली तेव्हा कऱ्हाडे एक झाले. मराठी नावांची यादी हाताळणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी करावीच. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडपांडे सगळे याच रांगेत आहेत. आणि टर्मिनलवर काना-मात्रा सुट्या पडलेल्या दिसल्या तर घाबरू नका. पुष्कळ टर्मिनलांना जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत, आतला मजकूर शाबूत असतो.

विंडोजवर आणखी एक गाठ होती. पडद्यावर मराठी व्यवस्थित, पण तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की एन्कोडिंगची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) एरर, कारण तिथे विंडोजचं जुनं कोड पेज, म्हणजे मोजक्याच अक्षरांचा तक्ता, मध्ये येतं. डॅश मोठा एक्स आणि पुढे यूटीएफ८ (-X utf8) असं दिलं की मिटतं. ही सोय ३.७ पासून आहे. मात्र असले पर्याय स्क्रिप्टच्या नावाआधी लिहायचे. नावानंतर जे येतं ते इंटरप्रिटर बघत नाही, ते सिस मॉड्यूलच्या आर्गव्ही यादीतून थेट स्क्रिप्टच्या हाती जातं. मी फाइलचं नाव तिथूनच घेतो.

सध्या स्थिती अशी: साफसफाई आणि बेरीज एका मॉड्यूलमध्ये आली आहे, मॉड्यूल नावाने चालवणाऱ्या डॅश एमने (-m) चालते, आणि एखादी रक्कम वाचता आली नाही तर ओळ क्रमांक सांगून १ हा एक्झिट कोड (काम फसलं हे सांगणारा आकडा) देऊन थांबते. काकांनी वहीतली बेरीज शेजारी ठेवून ताळा केला, जुळला. “मागल्या वर्षाची यादीपण घाल आता यात,” म्हणाले. ती फाइल अजून आलेली नाही. आली की आधी प्रॉम्प्टवर उघडीन. त्या यादीत रकमेच्या पुढे ‘रोख’ आणि ‘चेक’ही लिहिलेलं आहे असं ऐकतो, त्यामुळे ओळ तोडायची रीत बदलावी लागेल.