मारुती ८०० नोंदवही, भाग ७: मॅनिफोल्डमध्ये गेलेला वायसर आणि प्लगच्या खड्ड्यातला फुफाटा

गाडी: १९९८ची, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ठिकाण: यावल तालुका (जळगाव जिल्हा), केळीच्या बागेलगतची पत्र्याची शेड. काम: कार्बोरेटर उतरवून साफ करणे.

अडचण. कार्बोरेटर निघाला. मॅनिफोल्डचे, म्हणजे हवा-पेट्रोल सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांचे, तोंड उघडे असतानाच एअर क्लीनरच्या बोल्टचा ६ मिमी स्प्रिंग वायसर आत गेला. अशा वेळी शेडमधला पहिला सल्ला ठरलेला, स्टार्टरने इंजिन फिरवायचा: "सेल मार भो, निघून जाईल." तो अजिबात ऐकू नये. हा वायसर साधारण १.६ मिमी जाड असतो. पिस्टन वर आला की त्याच्या कडेला आणि हेडमध्ये जेमतेम तेवढीच जागा उरते. पिस्टनला खड्डा पडतो, प्लगची गॅप बंद होते, आणि वॉल्व्ह बसताना वायसर सीटवर सापडला तर वॉल्व्ह वाकतो. म्हणून पहिले काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे. किल्ली खिशात आहे एवढ्यावर भागत नाही.

शोध. क्रँक फिरवण्याआधी रॉकर कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण, त्याखाली वॉल्व्ह दाबणारे रॉकर असतात) काढले. कोणता इनटेक वॉल्व्ह उघडा आहे ते रॉकरच्या स्थितीवरून कळते. वॉल्व्ह बंद असेल तर वस्तू सिलिंडरमध्ये जाऊच शकत नाही, ती त्याच्या पाठीवरच पडून राहते. मोबाइलला लागणारा ५.५ मिमीचा कॅमेरा मॅनिफोल्डमधून सोडला, तर वायसर तिसऱ्या सिलिंडरच्या बंद वॉल्व्हच्या दांड्याला टेकलेला दिसला.

लवचिक दांड्याचे चुंबक इथे फसते. वॉल्व्हचा दांडाही चुंबकाला ओढतो, त्यामुळे चुंबक आधी दांड्याला चिकटते आणि वायसर हलून आणखी खाली सरकतो. दोनदा असे झाल्यावर तिसऱ्यांदा प्रयत्न करण्यात अर्थ नसतो. मॅनिफोल्डच उतरवला.

त्यातही एक खोच आहे. मॅनिफोल्डमधून कूलंट फिरते. इंजिन थंड असताना रेडिएटर आधी रिकामा करावा, नाहीतर पॅकिंग सुटताच कूलंट पोर्टमध्ये (हेडमधल्या हवेच्या वाटेत) शिरते आणि एकाची दोन कामे होतात. मॅनिफोल्ड निघाल्यावर दवाखान्यातला लांब आर्टरी चिमटा पुरला. पितळी जेट किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा असता तर चुंबकाचा प्रश्नच नव्हता. तिथे काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून तुकडा चिकटवून काढतात.

वायसर सिलिंडरमध्ये उतरलाच असता तर? प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची लांब नळी उभी धरून, क्रँक पुलीचा बोल्ट गोटीपान्याने हळूहळू फिरवून पिस्टन खाली न्यायचा. नळी खाली जाताना दिसते. किंचित अडकल्यासारखे वाटले तरी हात थांबवायचा. मग चुंबक आत सोडायचे. त्याच्या बाजूला इन्सुलेशन टेप गुंडाळावी, नाहीतर ते बिडाच्या बोअरला (सिलिंडरच्या भिंतीला) चिकटत राहते. भोकाच्या आट्या १४ मिमीच्या आणि आतला मोकळा व्यास साडेबारा मिमीच्या आसपास. ६ मिमीचा वायसर त्यातून निघतो. ८ मिमी बोल्टच्या वायसरचा बाहेरचा व्यासच पंधरा मिमीजवळ असल्याने तो कसाही वळवला तरी निघत नाही. तिथे हेड उतरवण्याला पर्याय नाही.

फुफाटा. वायसरपेक्षा याचीच धास्ती जास्त, कारण तो डोळ्याला दिसत नाही. उन्हाळ्यात प्लगच्या खड्ड्यात बोटभर माती साठते आणि प्लग काढताच ती आत सांडते. मातीतली वाळू ॲल्युमिनियमच्या पिस्टनपेक्षा आणि बिडाच्या बोअरपेक्षा कठीण असते, रिंगांमध्ये सापडली की बोअर ओरखडून निघतो. प्लग आधी फक्त अर्धा आटा सैल करायचा, ब्रशने माती मोकळी करून हवा मारायची, चष्मा घालून. मगच पूर्ण काढायचा. कंप्रेसरच्या टाकीतले पाणी आधी सोडावे.

तरीही थोडी माती दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेली. पिस्टन खाली नेऊन, ठिबकची ८ मिमी मायक्रोट्यूब व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला टेपने बसवून ओढून घेतली. तिचे टोक तिरके कापले तर पिस्टनच्या माथ्याला चिकटून बसत नाही. शेवटी कॅमेऱ्याने माथ्याची पूर्ण कड पाहिली.

पोर्टची तोंडे बुजवायला कापसाचे वेस्ट वापरू नये. कापसाच्या मुलखात हे सांगणे चमत्कारिक वाटेल, पण त्याचे धागे सुटून चेंबरमध्ये उतरतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. धुतलेले सुती फडके घ्यावे, त्याचे टोक बाहेर लोंबत ठेवावे. जुने पॅकिंग पॉलिश पेपरने घासणे तर याहून वाईट: पेपरचे कण ऑइलमधून थेट बेअरिंगपर्यंत पोचतात. प्लॅस्टिकची खरवडणी, धीर आणि थोडे थिनर पुरते.

जोडणी. इग्निशन कॉइलची तार आणि तिन्ही प्लग काढलेले ठेवून, पेट्रोलचा पाइप बंद करून चार-पाच सेकंद सेल मारला. भोकांवर सैल फडके धरले होते, त्यावर काही आले नाही. कॅमेरा पुन्हा आत. मग कॉम्प्रेशन तपासले: तिन्ही सिलिंडरमधला फरक एक किलोच्या (प्रति चौरस सेंमी) आत, म्हणजे वॉल्व्ह नीट बसताहेत. प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिमी. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने प्लग शेवटपर्यंत हातानेच बसवला, मग २५ न्यूटन मीटरला आवळला.

बाकी. मॅनिफोल्डचे नवे पॅकिंग, कूलंट भरून हवा काढणे. ऑइल आणि फिल्टर १०० किमीनंतर बदलायचे. जुना फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या ताटात उलगडायचा आणि खालून चुंबक फिरवायचे.