राउटर बदलला तरी संध्याकाळी सातला नेट जायचंच

मी ब्रॉडबँडचं फिल्डवर्क करतो, सांगली-मिरज पट्ट्यात, खांबावरून फायबर ओढण्यापासून घरात राउटर बसवेपर्यंत सगळं. रोजच्या तक्रारींत सांगण्यासारखं फार काही नसतं, कुठे उंदराने केबल कुरतडलेली असते, कुठे खोदकामात तुटलेली असते, कुठे पाहुण्यांच्या पोराने रिसेटचं बटण दाबलेलं असतं. पण मे महिन्यातली ही एक केस अजून डोक्यातून जात नाहीये. कारण त्या घरात चांगला चालणारा राउटर बाद ठरवला गेला, नवीन राउटरचे पैसे घेतले गेले, आणि बिघाड होता तिथेच राहिला.

घर मिरजेतलं, जुनं. पुढे सोपा, मग माजघर, मधल्या भिंती दीड-दोन फुटांच्या दगडमातीच्या. काकू गाणं शिकवतात. आधी घरी मुली यायच्या, लॉकडाऊनपासून ऑनलाईन सुरू झालं ते टिकलं, पुण्याचे विद्यार्थी आहेत, बंगळुरूचे आहेत, एक मुलगी न्यूजर्सीची, इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. आणि नेमकं सातच्या पुढे नेट जायचं. दोन-तीन मिनिटांनी आपोआप यायचं, परत अर्ध्या तासाने जायचं. गाण्याच्या क्लासमध्ये दोन मिनिटं म्हणजे काय हे मला काकूंनी सांगितल्यावर कळलं, आलाप रंगात येतो आणि स्क्रीनवर मुलीचा चेहरा तोंड उघडं ठेवून अडकतो, परत जोडलं जाईपर्यंत सूर गेलेला असतो.

मी जायच्या आधी त्यांच्या बऱ्याच तक्रारी 'निवारण झाले' असा शेरा मारून बंद झाल्या होत्या. हे कसं होतं ते सांगतो. ग्राहकाने फोन केला की ऑफिसातला मुलगा सिस्टीममध्ये लाईन बघतो, राउटर ऑनलाईन दिसला आणि फायबरमधल्या प्रकाशाची पॉवर बरोबर असली की तक्रार बंद, मेसेज गेला. आता राउटर रिस्टार्ट होऊन परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं लागतात. काकू फोन लावणार, एक दाबा, दोन दाबा होणार, माणूस लाईनवर येईपर्यंत नेट आलेलं. म्हणजे जेव्हा बघायला पाहिजे तेव्हा कुणी बघितलंच नाही, आणि जेव्हा बघितलं तेव्हा सगळं हिरवं.

मग कधीतरी कंत्राटावरचा एक मुलगा गेला, त्याने राउटरच बदलला. त्या मुलांवर मी फार चिडू शकत नाही, त्यांना बंद केलेल्या तक्रारीमागे पैसे मिळतात, एका घरात तास घालवला तर दिवसाची कमाई जाते. अशी पद्धत ठेवली की बॉक्स बदलून निघणं हाच सगळ्यात सोपा मार्ग होतो. पण राउटर बदलल्यावर त्रास वाढला. आधी संध्याकाळी एकदा जायचं ते आता दोन-तीनदा जायला लागलं. आणि वर ऑफिसातून काकूंना काय सांगितलं, तर "मॅडम, तुमच्याच घरात कुणीतरी बटण बंद करतंय, आम्हाला इथे दिसतंय." सत्तरीच्या बाईला हे बोलले. ते कशावरून बोलले ते पुढे सांगतो, कारण या केसची सगळी किल्ली तिथेच आहे.

मी दुपारी गेलो. आधी फायबर बघितली. हिरव्या टोकाचा कनेक्टर काढून मीटर लावला, पॉवर मायनस १९.४ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक). मायनस २७ पर्यंत हे बॉक्स चालतात, म्हणजे बाहेरून काही अडचण नाही. लाल लाईट नाही, कनेक्टर स्वच्छ. मग मोबाईलवरून १९२.१६८.१.१, म्हणजे राउटरचं सेटिंगचं पान उघडलं आणि स्टेटसच्या पानावर अपटाईम बघितला. हे पान बघितल्याशिवाय घरातून निघू नये असं माझं मत आहे, आणि बहुतेक जण ते उघडतच नाहीत. तिथे दोन वेळा वेगवेगळ्या दिसतात, एक बॉक्स किती वेळ चालू आहे ती आणि एक नेटचं कनेक्शन किती वेळ जोडलेलं आहे ती. बॉक्स कित्येक दिवस चालू आणि फक्त कनेक्शनची वेळ ताजी असेल तर दोष बाहेरचा, लाईनचा नाहीतर सर्व्हरचा. इथे दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळपासूनच्या. आणि आदल्या संध्याकाळी मिरजेत लाईट गेली नव्हती. म्हणजे बॉक्स स्वतःच बंद पडून उठत होता.

बॉक्स स्वतः रिस्टार्ट होतो त्याची कारणं मोजकी, एकतर आतला बोर्ड खराब, नाहीतर फर्मवेअर म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, नाहीतर गरमी, नाहीतर करंट. बोर्ड नवा होता. तोच मॉडेल, तेच फर्मवेअर मी आजूबाजूला कितीतरी घरांत बसवलंय, तिथे हा त्रास नाही. हात लावला तर कोमट, गरम नाही. उरला करंट. आजकाल लोक राउटरला छोटा यूपीएस लावतात आणि त्याचे सेल दमले की असाच त्रास होतो, म्हणून आधी तो शोधला, पण या घरात तो नव्हताच.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अरे, मी वेळा लिहून ठेवल्यात, बघणार का? मागच्या मुलाला दाखवल्या तर तो म्हणाला, असू दे."

स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं. दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, एकादशी, आणि प्रत्येक चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे. ७.१०, ७.४५, ८.२०. पुढच्या दिवशी ७.०५, ७.५०. सोमवार ते शनिवार सगळं सातनंतर. आणि रविवारी मात्र दुपारचे आकडे, १२.३०, १.१५. मी विचारलं, रविवारी दुपारी काय असतं? त्या म्हणाल्या, काही नाही रे, सगळे घरी असतात. खरंच सांगतो, मला तिथल्या तिथे उलगडलं. सगळे घरी असतात, म्हणजे मुलगा, सून, नातू, चार-पाच मोबाईल, टीव्हीवर यूट्यूब, वर काकूंचा क्लास. सगळे एकदम आले की राउटर जास्त करंट ओढतो, आणि तेव्हाच तो पडतो.

कॅलेंडरचा फोटो काढला आणि ऑफिसातल्या एका ओळखीच्याला फोन केला, म्हटलं या राउटरचे अलार्म काढून दे. आता ती किल्ली. फायबर तुटली तर आमच्या एक्सचेंजच्या मशीनला सिग्नल गेल्याचा अलार्म दिसतो. पण घरातल्या बॉक्सचा करंट गेला, तर आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर तो बॉक्स मरता मरता एक निरोप पाठवतो, की माझा करंट गेलाय. त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. काकूंच्या राउटरच्या यादीत ओळीने डाइंग गॅस्प, डाइंग गॅस्प, डाइंग गॅस्प. वेळा कॅलेंडरमधल्या पेन्सिलीच्या आकड्यांशी जुळत होत्या, मिनिट दोन मिनिटांचा फरक, तो घरातल्या घड्याळाचा. ऑफिसने हा अलार्म बघितला होता! बघून त्याचा अर्थ लावला की ग्राहक बटण बंद करतोय. रोज संध्याकाळी क्लास चालू असताना स्वतःच्या क्लासचं बटण कोण बंद करेल, एवढा एक प्रश्न कुणाला पडला नाही. माहिती मशीनने दिली होती, वेळा काकूंनी दिल्या होत्या, दोन्ही शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागली असती.

मग ॲडॉप्टर. राउटर टीव्ही युनिटवर होता पण त्याची वायर युनिटच्या मागे, केसिंगमधून खाली गेलेली. नातू आणि मी मिळून युनिट पुढे ओढलं. मागे धुळीत ॲडॉप्टर, टीव्हीच्या मागच्या गरम कोपऱ्यात, बंद जागा, जिथे वारा नाही. त्यावर लिहिलेलं १२ व्होल्ट १ अँपिअर. राउटर उलटा केला, त्याच्या पोटावर लिहिलेलं १२ व्होल्ट १.५ अँपिअर. ॲडॉप्टर जुन्या राउटरचा होता! त्या मुलाने वरचा बॉक्स बदलला, पिन तीच बसते म्हणून युनिट हलवायच्या भानगडीत न पडता जुनीच पिन नव्यात खोचली आणि गेला. नवा राउटर दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि पाच गिगाहर्ट्झ असे दोन वायफाय चालवणारा, जुन्यापेक्षा जास्त करंट खाणारा, म्हणूनच नवीन आल्यावर त्रास वाढला. जुना राउटरही याच ॲडॉप्टरमुळे पडत होता, त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता.

पण नुसत्या अंदाजावर मी सोडत नाही. ॲडॉप्टर काढून मल्टिमीटर लावला तर १२.३ व्होल्ट, एकदम ठणठणीत. इथेच सगळे फसतात, कारण लोड नसताना दमलेला ॲडॉप्टरही पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. मी त्यासाठी एक वायर बनवून ठेवलीय, एका टोकाला मादी पिन, दुसऱ्याला नर, मधे दोन्ही तारा सोलून बाहेर काढलेल्या, म्हणजे राउटर चालू असताना मीटर लावता येतो. बाजारात दीडशे-दोनशे रुपयांत जुळणारं सामान आहे, पण कुठल्याच किटमध्ये ही वायर देत नाहीत. ती लावली. राउटर नुसता चालू, ११.६. नातवाला म्हटलं सगळे मोबाईल आण, सगळ्यांवर स्पीड टेस्ट लाव, टीव्हीवर व्हिडिओ लाव. आकडा उतरायला लागला, ११, १०.४, मग थरथरत नऊच्या घरात, आणि राउटरचे सगळे दिवे एकदम गेले. नातू ओरडला, "आज्जी, गेलं! बघ, गेलं!" काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि मीटरकडे बघत उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "म्हणजे आम्ही बंद करत नव्हतो."

नव्या राउटरचा खोका माळ्यावर होता. त्यात नवा ॲडॉप्टर, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंडही उघडलेलं नाही. तो लावला, परत सगळे मोबाईल, परत स्पीड टेस्ट, व्होल्टेज ११.९ च्या खाली आलं नाही. जुना ॲडॉप्टर मी घरी नेऊन फोडला, आतला १६ व्होल्टचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, खाली करपट डाग. या कपॅसिटरचं ढोबळ गणित असं आहे की दर दहा अंश गरमीमागे आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. मिरजेचा मे, त्यात टीव्हीची मागची बाजू. राउटर लोक शोभेसाठी वर ठेवतात आणि ॲडॉप्टर कोंडून टाकतात, खरं तर आधी मरतो तो ॲडॉप्टर.

काम तिथे संपलं असतं, पण काकू क्लास माजघरात घेतात आणि राउटर सोप्यात. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल दगडी भिंतीत जीव सोडतो, आणि दोन्ही बँडना एकच नाव असलं की मोबाईल बऱ्याचदा एक कांडी उरली तरी पाचलाच चिकटून बसतो. मी विचारलं जुना राउटर कुठाय. "न्यायला येतो म्हणाला होता, कोणी आलंच नाही," असं म्हणत त्यांनी कपाटातून काढून दिला. त्याला माझ्याकडचा चांगला ॲडॉप्टर लावला, व्यवस्थित उठला. मग सोप्यातून माजघरापर्यंत छताच्या तुळईच्या कडेने कॅट ६ केबल नेली, जुन्या राउटरचा डीएचसीपी, म्हणजे मोबाईल-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, बंद केला, त्याला १९२.१६८.१.२ हा वेगळा पत्ता दिला, केबल लॅन पोर्टात लावली, नाव आणि पासवर्ड नव्यासारखाच ठेवला. एका राउटरचं वायफाय चॅनल १ वर, दुसऱ्याचं ११ वर, म्हणजे सिग्नल एकमेकांत घुसणार नाहीत. आणि क्लासचा लॅपटॉप वायफायवर ठेवलाच नाही, सरळ वायरने जोडला. ज्याला बाद म्हणून रेकॉर्डला टाकलंय तोच राउटर आज माजघरात चालतोय.

निघताना काकूंनी आणखी एक सांगितलं, की नेट चांगलं असतानाही मुलींना तंबोरा ऐकू जात नाही, मधेच विरतो. हे मात्र नेटचं नाही. मीटिंगच्या ॲपला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटते, ते तो दाबून टाकतं. एका तबल्याच्या क्लासवाल्यांकडे मी हे बघितलं होतं, ऑडिओच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड चालू करून दिलं. त्यांनी लगेच एका विद्यार्थिनीला जोडून बघितलं, तिकडून ती म्हणाली, "आज्जी, आता जवारी ऐकू येतेय." जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा गुंजणारा नाद.

राहिला पैशांचा विषय, आणि मला झोंबतो तो हाच. राउटर बदलायची गरज नव्हती, चारशे रुपयांच्या आतल्या ॲडॉप्टरचं काम होतं. मी ऑफिसला लिहून दिलं, व्होल्टेजचे आकडे, कॅलेंडरचा फोटो, अलार्मची यादी, सगळं जोडून, की काकूंचे पैसे परत करा. उत्तर आलं की सील उघडलेला राउटर परत घेता येत नाही. मी परत लिहिलंय की राउटर परत द्यायचा प्रश्नच नाही, चुकीच्या निदानाचे पैसे परत करायचे आहेत. आणि काकूंची तक्रार मी सिस्टीममध्ये बंद करताना कारणांच्या यादीत 'ॲडॉप्टर' हा पर्यायच नव्हता. फायबर, कनेक्टर, राउटर, ग्राहकाकडील अडचण, इतर. मी 'इतर' निवडून शेरा लिहिला, पण शेरा कुणी वाचत नाही, महिन्याच्या रिपोर्टात फक्त आकडे जातात. म्हणजे ॲडॉप्टरमुळे किती घरं त्रासलीत ते आमच्याच कंपनीला कधी कळणार नाही.

म्हणून मी ऑफिसकडे एक यादी मागितलीय. माझ्या भागातले असे सगळे राउटर, ज्यांचा डाइंग गॅस्प संध्याकाळी सात ते दहात वरचेवर येतो, पण त्याच वेळी त्याच गल्लीतल्या शेजाऱ्यांचा येत नाही. गल्लीची लाईट गेली तर सगळ्यांचाच येईल, एकट्याचाच येतोय म्हणजे त्या घरात काकूंसारखंच कुणीतरी आहे आणि त्यांनाही बहुतेक हेच सांगितलं गेलंय की बटण तुम्हीच बंद करता. माहिती मशीनमध्ये पडून आहे, काढायची म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. मॅनेजर म्हणाले महिनाअखेर होऊ दे, बघू. महिनाअखेर झाली, यादी आली नाही. सोमवारी परत मागणार आहे, आणि तोपर्यंत ज्या घरात जाईन तिथे टीव्ही युनिट पुढे ओढून ॲडॉप्टरवरचे आकडे वाचतोय.