आमची वाटचाल: थर्टी फर्स्टचा धंदा एक तारखेला

फोंड्यात आमचं ऑफिस आहे, वरच्या मजल्यावर, खाली फार्मसी, आणि आमचं काम म्हणजे दुकानं-हॉटेलांच्या आकड्यांचे रिपोर्ट बनवून देणं, पण बोर्डावर डेटा सोल्युशन्स असं लिहिलंय त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मोबाइलमधले उडालेले फोटो परत मिळतील काय म्हणून विचारायला येतंच. 2012 ला सुरू केलं तेव्हा मी एकटा, मग मावसभाऊ आला, आता आम्ही पाच जण आहोत.

त्याआधी मी वेर्ण्याला एका कंपनीत डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, होतो. बॅकअप, इंडेक्स, रात्री दोनला फोन. रिपोर्ट म्हणजे काय, दहा टेबलांचा जॉइन लावायचा, म्हणजे ती एकमेकांना जोडायची, आणि एक्सेलमध्ये टाकून द्यायचा, एवढीच माझी समज होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हापशाचा एक डिस्ट्रिब्युटर, बिस्किटं, साबण वगैरे. मी हौसेने थेट त्यांच्या बिलिंगच्या डेटाबेसवर रिपोर्ट बसवला. महिनाअखेरीला दुपारी बाराला पात्रांवने, म्हणजे मालकाने, तो उघडला आणि काउंटरवरची सगळी बिलं अडकली, बाहेर गाड्या भरून उभ्या आणि आत माझी क्वेरी, म्हणजे रिपोर्टसाठी डेटाबेसला विचारलेला प्रश्न, टेबलं धरून बसलेली. तिथे पहिल्यांदा कळलं की रोजचा व्यवहार आणि त्याचं विश्लेषण एकाच चुलीवर शिजत नाही, वेगळा डेटाबेस हवा, रात्री दिवसाचा डेटा तिकडे न्यायचा. पैसे नव्हते म्हणून मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची, एस्क्यूएल सर्व्हर 2008 आर2 ची, फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती घेतली, तिला 10 जीबीची मर्यादा आणि एजंट नाही, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा जॉब लावायची सोयच नाही, मग विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून स्क्रिप्ट चालवायचो. चालायचं की.

जूनमध्ये पाऊस लागला आणि वीज जायला लागली. लोड, म्हणजे रात्रीचं डेटा भरणं, अर्ध्यावर तुटायचा, सकाळी ऑफिसातला मुलगा परत चालवायचा, आणि कालची अर्धी विक्री दोनदा मोजली जायची. पात्रांव एक दिवस खूश होता. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सवाल्या बाईंनी पकडलं. तेव्हापासून आमचा नियम असा की ज्या दिवसाचा डेटा भरायचा त्या दिवसाच्या ओळी आधी काढून टाकायच्या, मग भरायच्या, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर पूर्ण नाहीतर काहीच नाही, आणि किती ओळी आल्या किती गेल्या त्याची वेगळ्या टेबलात नोंद. कितीदाही चालवा, आकडा तोच.

गोव्यातला खास त्रास म्हणजे गावांची नावं. पोर्तुगीज, इंग्रजी, कोंकणी, मराठी, ज्याला जशी आवडेल तशी टाइप केलेली. मडगाव, मडगांव, मारगाव. पणजी, पंजिम. म्हापसा, मापुसा. सासष्टी, साल्सेत. पहिल्या रिपोर्टात एकट्या मडगावच्या सात ओळी होत्या आणि सगळ्यांत वेगवेगळी विक्री. पिनकोडवरून जुळवायला गेलो, 403601 म्हणजे मडगाव, पण अर्ध्या दुकानदारांच्या पुढे ऑफिसचाच पिन टाकलेला. शेवटी एक मॅपिंगचं टेबल केलं आणि ते सांभाळायचं काम त्याच अकाउंट्सवाल्या बाईंना दिलं, कारण कुठलं दुकान कुठे आहे ते त्यांना माहीत, आम्हाला नाही. नवीन स्पेलिंग आलं की ते अज्ञात म्हणून दिसतं, गाळायचं नाही, नाहीतर बेरीज बिलिंगशी जुळत नाही आणि एकदा जुळली नाही की तुमच्या रिपोर्टवर कोणी विश्वास ठेवत नाही.

तिथेच एक सेल्समन बार्देशातून सासष्टीत बदलला आणि त्याची तीन वर्षांची जुनी विक्रीही त्याच्याबरोबर सासष्टीत गेली! डायमेन्शनमध्ये, म्हणजे माणसं-गावं-वस्तूंची माहिती असलेल्या टेबलात, आम्ही त्याचा तालुका नुसता बदलून टाकला होता. टाइप टू म्हणजे जुनी ओळ बंद करून नवी ओळ, तिचा नवा ओळख क्रमांक, कधीपासून कधीपर्यंतची तारीख, हे मी वाचलेलं होतं पण तो माणूस इन्सेंटिव्हसाठी ऑफिसात येऊन भांडला तेव्हा खरं समजलं.

मग हॉटेलवाले आले, तीन हॉटेलं, एकच मालक. ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, किती विचारलं तर फ्रंट ऑफिसचा आकडा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा, मॅनेजरचा तिसराच. कोणी खोटं बोलत नव्हतं. एक जण फुकट दिलेल्या खोल्याही धरायचा, दुसरा नाही, तिसरा दुरुस्तीला काढलेल्या खोल्या एकूणातूनच वजा करायचा. दोन दिवस बसून फक्त एक गोष्ट ठरवली: फॅक्ट टेबलात, म्हणजे मोजायच्या आकड्यांच्या टेबलात, एक ओळ म्हणजे एक खोली, एक रात्र. बिलाच्या ओळी वेगळ्या टेबलात, कारण दोन्ही जोडल्या की जेवणाच्या चार बिलांबरोबर खोलीचं भाडंही चारदा येतं. माझ्या मते आमच्या धंद्यातलं निम्मं काम हेच, टूल कुठलंही असो. 2015 ला चार्ट काढायचं मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय आलं तेव्हा वाटलं आता सोपं होणार. चार्ट सोपे झाले.

त्याच हॉटेलात माझी सगळ्यात मोठी चूक झाली. 2 जानेवारीला सकाळी मालकाचा फोन, "आमचो थर्टी फर्स्ट खंय गेलो?" डॅशबोर्डवर 31 डिसेंबरचा बारचा धंदा एखाद्या साध्या शुक्रवारएवढा आणि 1 जानेवारीला डोंगर. हॉटेलची तारीख रात्री बाराला बदलतच नाही, नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, झालं की बदलते, आणि त्या रात्री ते पहाटे चारला झालं होतं. आम्ही बिलाची घड्याळातली वेळ घेतली होती, म्हणजे फटाके वाजल्यानंतरची सगळी दारू नवीन वर्षात. रोजच्या दिवशी हा फरक दिसतच नव्हता, म्हणून टेस्टिंगमध्येही सुटला. आता प्रत्येक ओळीला दोन्ही तारखा, व्यवसायाची तारीख आणि खरी वेळ.

करांचंही तसंच. 1 ऑक्टोबर 2019 ला 7,500 च्या वरच्या खोलीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, 22 सप्टेंबर 2025 ला 7,500 पर्यंतच्या खोल्या 5 टक्क्यांवर आल्या. करासकट रक्कम धरून वर्षाची तुलना केली असती तर धंदा वाढलाय की घटलाय ते देवालाच ठाऊक, म्हणून आम्ही कर सुरुवातीपासूनच वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो. 2020 बद्दल काही लिहीत नाही, त्या वर्षी फक्त शून्यानं भागाकार केल्याचे एरर येत होते.

आता मालकाला हवंय की पाहुणे दाबोळीच्या विमानतळावर उतरतात की मोपाच्या ते कळावं, कारण 2023 च्या जानेवारीपासून मोपा सुरू झालं आणि गाड्या कुठे पाठवायच्या ते ठरवायचंय. सिस्टममध्ये फक्त गोवा एअरपोर्ट एवढंच. खरी माहिती ड्रायव्हरांच्या डेस्कवरच्या लांबट वहीत, बॉलपेनने लिहिलेली, आणि मावसभाऊ सध्या ती वही घेऊन बसलाय, अधूनमधून ड्रायव्हरला फोन करून विचारतो की हे म आहे की द.